सहीच्या वरची जागा

“सही दुसऱ्या पानावर घ्या ताई,” कुलदीप म्हणाला. “पयल्या पानावर नुसता मजकूर.”

कालिंदीचा हात की-बोर्डवर थांबला. सेनगावात तहसिलीसमोरच्या हातभर दुकानात ती अठरा वर्षं टायपिंग करत होती. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं तिला कधी जमलं नाही, पण कागद तिच्या हातून वेडावाकडा बाहेर पडला नव्हता.

“काहून? एका पानावर बसवता येते की सगळं.”

“कुठं बसतंय? तुमीच बघा ना.”

बसत नव्हतं, हे खरंच. मसुदा हरिचंदशेठनं स्वतःच्या हातानं लिहून दिला होता. साखऱ्याजवळच्या तांड्यावरच्या अनुसयाबाई मोहनसिंग राठोड आपलं दोन एकर रान पुतण्या कुलदीपला एका वर्षासाठी बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर कसायला, देत होत्या. एवढीच गोष्ट. शेठनं ती सात परिच्छेदांत ताणली होती आणि खाली सूचना लिहिली होती : ‘परिच्छेदांमध्ये भरपूर जागा सोडणे. सही वेगळ्या पानावर.’ तसं टाईप केल्यावर सातवा परिच्छेद स्टॅम्पपेपरच्या तळाशी संपला. दुसरं पान सगळं कोरं, आणि त्यावर एकटं नाव, अनुसयाबाई मोहनसिंग राठोड.

कालिंदीनं दोन्ही पानं पुन्हा वरखाली करून पाहिली. पहिलं पान काय, कुणीही कधीही बदलावं. ‘एक वर्ष’ काढून ‘कायमचं’ घालावं, बटईची विक्री करावी. दुसऱ्या पानावरची सही तर खरीच राहणार.

“हे शेठ कोण?” तिनं विचारलं. “रान काकीचं, करणार तू. त्यांचा काय संबंध?”

“वळखीचे हायेत. बाजूचं रान त्यायनंच घेतलं ना औंदा.” कुलदीपचा फोन वाजला. त्यानं तो कापला. लगेच पुन्हा वाजला. “समोर हाटेलात बसून राहिलेत. जरा लवकर करा ताई.”

अनुसयाबाई बाकावर बसल्या होत्या. आधार कार्ड दोन्ही हातांत घट्ट. “करा बाई,” त्या म्हणाल्या. “माझ्याच हातचं खाऊन वाढलं हे पोरगं. त्यो सांगल तिथं सही करते मी. अंगठा न्हाई हां, सही येते मला.”

कुलदीप भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागला. त्यात बघण्यासारखं काहीही नव्हतं.

आता मात्र कालिंदीला राहवेना. तिनं खुर्ची बाकाकडे फिरवली.

“अनुसयाबाई, नीट ऐका. कोऱ्या पानावर सही केली, तर त्याच्या आधी कुणी कोणतंही पान लावील. आज बटईचं, उद्या विक्रीचं. तुम्ही कोर्टात म्हणाल, मी असं लिहून दिलं नव्हतं. ते म्हणतील, बाई, सही तर तुमचीच आहे! माझ्या दुकानातून सही अशी एकटी बाहेर जात नाही. मग शेठ असो की त्याचा बाप.”

म्हातारीनं पुतण्याकडे पाहिलं. “कुलदीप, बाई काय म्हणून राहिली?”

त्याच्या कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या.

कालिंदीनं उत्तराची वाट पाहिली नाही. सगळा मजकूर निवडला. परिच्छेदाखालची जागा बारा पॉइंट होती, ती चार केली. ओळींमधलं अंतर दीडवरून सव्वावर आणलं. मजकूर सरसर वर चढला, तरी नाव दुसऱ्याच पानावर. परिच्छेदांच्या सुरुवातीच्या जागा कमी केल्या. नाव तिथंच. अस्सं! तिनं ओठ चावले आणि अंतर आणखी एक घर खाली आणलं. नाव टुणकन पहिल्या पानावर येऊन सातव्या परिच्छेदाखाली बसलं. दुसरं पान गेलंच.

“आलं बाई एकदाचं!” कालिंदीच्या तोंडून निघून गेलं. अंगावरचा भारा उतरल्यासारखं तिला झालं. सहीला दोन ओळी मोकळ्या सोडून तिनं साध्या कागदावर नमुना काढला.

फोन पुन्हा वाजला. या वेळी कुलदीपनं तो उचलला.

“न्हाई शेठ. येगळं पान न्हाई निघत.” तो थांबला. पलीकडचा आवाज बाकापर्यंत ऐकू येत होता. “म्या काय करू? मशीनच घेऊन न्हाई राहिली. लई बार करून पाह्यलं ताईनं.”

कालिंदीनं चमकून वर पाहिलं. तिच्या मशीननं आजवर कशालाच नाही म्हटलं नव्हतं. पण तिनं मान परत स्क्रीनकडे वळवली.

“न्हाई. दुसऱ्या दुकानात बी न्हाई जात,” कुलदीप म्हणाला. “काकीला तकलीफ होते.” त्यानं फोन बंदच करून टाकला आणि बाहीनं तोंड पुसलं. सकाळपासून उभा होता, तो आता काकीशेजारी बसला. कित्येक दिवसांनी पोटभर श्वास घेतल्यासारखी त्याची छाती वरखाली झाली. म्हातारीनं काही न विचारता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“घे, वाचून दाखव काकीला,” कालिंदीनं नमुना त्याच्या हातात दिला. “मग स्टॅम्पवर काढते.”

त्यानं सगळं वाचून दाखवलं. ‘एक वर्ष’ दोनदा वाचलं. मग उठून कागद टेबलावर ठेवला आणि सातवा परिच्छेद आणि काकीचं नाव यांच्यामध्ये बोट टेकवलं.

“ताई, सहीला जागा सोडून बी हितं अजून एक ओळ घुसते,” तो म्हणाला. “तेवढी जागा बंद करा.”