मामाने भरून काढलेली जागा

या मायबाप, असे जवळ सरका. एका फजितीची गोष्ट सांगतो.

पंक नावाच्या रॉक संगीताचा आरडाओरडा ओसरून त्याच्या पुढचं पोस्ट-पंक नुकतं सुरू झालं होतं. वाजवता येण्यापेक्षा हिंमत मोठी मानायचे दिवस ते, म्हणून तर मामाच्या हाती गिटार आली. त्याच्या बँडची एकच रेकॉर्ड निघाली आणि तीतल्या एका गाण्यात ऐन मध्यावर मामाची बोटं अडखळली. त्याला तार सापडेपर्यंत ड्रमवर बसलेल्या ताईने, त्याच्या थोरल्या बहिणीने, एकटीने गाणं ओढून नेलं. ती रिकामी जागा मामाला जन्मभर सलली. दिवसभर लोकांच्या घरची वायरिंग करून तो संध्याकाळी तेवढाच तुकडा घोटत बसे.

पुढे ताई गेली. तिच्या लेकीने बँड काढला, तेच गाणं बसवलं आणि मामाला बोलावलं. देवाने डाग धुवायची संधी दिली म्हणत मामाने तालमीत ती जागा सुरांनी गच्च भरून टाकली.

भाचीने हात वर केला. "मामा, अरे काय करतोस हे? इथे गप्प बसायचं!"

"अगं, ती चूक होती माझी. आता येतं मला."

"येतंय ते ऐकतेय मी. पण आम्ही सगळ्यांनी या जागेसाठीच तुमची रेकॉर्ड झिजवली. इथे नुसती आई ऐकू येते रे."

मामाने तारांवरचा हात उचलला. एवढा जन्म घासून तो नेमका ताईला झाकायला शिकला होता.

तर मायबाप, ते गाणं कधी कानी पडलं, तर मामाला खुशाल विसरा. ताईची तेवढी आठवण ठेवा.