गालांची लाली

गालांची लाली घालवणाऱ्या व्हिटॅमिन सी सीरमच्या जाहिरातीत 'वापरल्यानंतर'चा फोटो आधी निघायचा. मग मॉडेलचे गाल खरखरीत टॉवेलने लालभडक होईपर्यंत घासले, की 'वापरण्यापूर्वी'चा तयार. घासायचं काम मेकअपवाल्या कुंदाचं. दर वेळी तिला स्वतःच्याच हातांची किळस यायची.

आज नेहमीची मुलगी आली ती सुजलेला डावा गाल घेऊन. त्यावर पाची बोटं उमटली होती. "नवऱ्याने," ती खाली मान घालून पुटपुटली.

कुंदा बर्फ घेऊन आली, तर मॅनेजर तो गाल न्याहाळत होता, साडीचा रंग बघावा तसा. "वा! अर्धं काम घरूनच झालंय की! आज 'पूर्वी'चा आधी काढू. बोटांचे वळ तेवढे झाका, लाली राहू द्या. उजवा गालही असाच करा."

त्याने टॉवेल कुंदाच्या हातात कोंबला. हा टॉवेल याच्याच थोबाडावर रगडावा, असं तिला वाटलं. ती तो फेकून देणार, तोच मुलीने डोळे मिटून उजवा गाल पुढे केला.

"घासा ना, ताई. तुमचा हात तरी हलका आहे."