न वापरलेला इशारा

लातूरच्या कारखान्यात आदिनाथ कडबाकुट्टी मशीनचा सी भाषेतला कोड लिहीत होता. पात्याच्या फंक्शनला दोन गोष्टी मिळायच्या: वेग, आणि मशीनच्या तोंडाशी माणसाचा हात आला की लाल दिव्याबरोबर येणारा इशारा. इशारा आला की पातं थांबवायचं, एवढंच लिहायचं राहिलं होतं. म्हणून कोड तपासून मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर सारखा बजावत होता, हा इशारा घेतलाय पण कुठंच वापरलेला नाही. दारात मशीन न्यायला टेम्पो उभा, वर मालकाची घाई. वैतागून आदिनाथनं त्या इशाऱ्यावर 'मुद्दाम न वापरलेला' अशी खूण करून टाकली. कंपायलर गप्प झाला.

आठवड्याच्या आत चाकूरच्या एका गोठ्यावर त्या मशीननं केवळाबाईचा हात कोपरापर्यंत खाल्ला.

आदिनाथ पोचला तेव्हा बाईला दवाखान्यात नेलं होतं, आणि तिची पोरं मशीन चालवणाऱ्या सटवाजीला रक्तानं भिजलेल्या कडब्यात पाडून तुडवत होती. "यानंच मशीन थांबवायची वायर काढली आसंल," थोरला ओरडत होता.

"आईच्यान न्हाई काढली," सटवाजी फुटक्या ओठांनी म्हणाला. "हात आत जाताना लाल दिवा लागला हुता. म्या बघितलाय. मशीनला कळलं हुतं, तरी थांबली न्हाई."

मारणारे थबकले. सगळे कंपनीच्या माणसाकडं, आदिनाथकडं बघू लागले.

"खोटं बोलतोय भाडखाऊ," म्हणत आदिनाथनं बुटाची लाथ थेट त्याच्या तोंडावर घातली.


सटवाजीही गप्प झाला.