मुळासकट

"गळ्यात झालर, पायाशी वाटी,
नको गं पोरी, लागू तिच्या पाठी."

आईचा हा आवाज गेली पन्नास वर्षं थोरलीच्या कानात वस्तीला होता. ओवी संपली की ताकीद यायची, "अळंबी उपटायची ती मुळासकट. कापलीस तर वाटी मातीतच राहते. मग साधी कोण नि विषारी कोण, कसं कळणार?"

आता थोरलीचं टेबल बाजाराच्या तोंडाशी होतं. रानातून अळंबी आणणारे आधी तिच्यापुढे टोपली रिकामी करत. तिने मान डोलावल्याशिवाय एकही अळंबी विकायला जात नसे. बुडखा कापलेली दिसली, की ती सरळ बादलीत टाकायची.

"मावशी, चांगली आहे हो ती. माझ्यावर भरवसा नाही?"

"तुझ्यावर आहे. तुझ्या सुरीवर नाही."

लोक हसत. ती हसत नसे.

घरी आई खिडकीपाशी अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी फार तर आठवडा सांगितला होता. तीन दिवस तिने पाण्यापलीकडे काही घेतलं नव्हतं. आज सकाळी मात्र थोरली निघताना आई म्हणाली, "येताना अळंबी आण. खावीशी वाटतेय."

थोरलीचा हात कडीवरच राहिला. धाकटी गेल्यापासून या घरात अळंबी शिजली नव्हती.

दुपारी तिने मूठभर आणल्या, मुळासकट. तीनदा उलटसुलट पाहिल्या. लोण्यात परतायला घेतल्या, आणि त्या वासाबरोबर ती दुपार घरात आली.

नऊ वर्षांची थोरली टोपली घेऊन धावत आली होती. बाबांना यायला उशीर झाला होता. चार वर्षांची धाकटी बाबांची लाडकी. तिला स्वतःचं ताट नकोच असायचं, बाबांच्या ताटातलं गोड लागायचं. त्या दिवशी त्याच खोडीवरून आईने तिला जन्मात पहिल्यांदा धपाटा घातला, आणि लगेच इतकं घट्ट पोटाशी धरलं की पोर गुदमरली.

पहाटे धाकटीला उलट्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली, बाहुली मागितली. बाबा रडता रडता हसले. शेजारीपाजारी म्हणाले, सुटली पोर. आई तेवढी भिंतीला टेकून गप्प होती. पाचव्या दिवशी धाकटी गेली.

ते विष असंच फसवतं, सोडल्यासारखं करून पुन्हा धरतं, हे थोरलीला पुढे कळलं. पण एकाच कढईतलं तिघी जेवल्या आणि गेली एकटी धाकटी, याचा उलगडा तिला कधी झाला नाही. लोकांनी नशिबावर ढकललं. बाबांचा आवाज त्यानंतर कायमचा खाली आला.

तिने आईला उशीला टेकवून बसवलं. आईचं डावं मनगट वाकडं होतं, तरुणपणी जिन्यावरून पडल्याचं ती सांगायची. थोरलीने घास भरवला. आई सावकाश चावत राहिली.

"छान झालीय. मीठ कमी घातलंयस."

"आई, एक सांगायचंय." थोरलीचा आवाज नऊ वर्षांचा झाला. "त्या दिवशी एक अळंबी मी सुरीने कापून आणली होती. माती घट्ट होती, उपटेना. तू नेहमी म्हणत आलीस, कुणाचा दोष नाही. पण दोष माझाच होता. मीच मारलं तिला."

आईने पुढचा घास हाताने थांबवला.

"ती कापलेली मला ठाऊक होती."

"ठाऊक होती?"

"वाटी नसली म्हणून काय झालं? गळ्यात झालर होती की. टोपलीत हात घातल्याबरोबर ओळखली मी." आई खिडकीकडे बघत होती. उजव्या हाताने वाकडं मनगट चोळत होती. "आणि मी जिन्यावरून नव्हते पडले गं. त्याच आठवड्यात तुझ्या बाबांनी पिरगळलं होतं हे. ती एक मी वेगळी परतली. तुझ्या बाबांच्या ताटात वाढली, ताट झाकलं, आणि त्यांना हाक मारायला दारात गेले."