चिपळूणचा दर

पंपावरच्या काचेवर तळहात टेकवून निशिकांत म्हणाला, "चिपळूण. ऑफिसचं काम आहे."

कुठे जायचं ते सांगितलं की यंत्र माणसाची नाडी बघायचं आणि ओढ जितकी जास्त, तितका पेट्रोलचा दर चढा लावायचं. शरयूच्या माहेरी, मिरजेला जाताना निशिकांतला नेहमी लिटरला नव्वद रुपये पडत. आज पडद्यावर चारशे दहा आले.

गाडीत बसलेल्या शरयूने ते वाचलं आणि ती खाली उतरली. "चिपळूणला कोण आहे?"

"कोणी नाही गं. कंपनी लुटते, दुसरं काय! एवढा नफा त्यांना उगाच होतो का?"

"आपण देतो म्हणून होतो. कोणी नसेल तर जाऊ नकोस."

बराच वेळ त्याचा हात काचेवरून निघेना. मग "बरं, नाही जात," असं पुटपुटत तो बाजूला झाला.

आपण त्याला नव्वद रुपयांच्याच, या विचाराने शरयूचा जळफळाट झाला. तिने स्वतःचा तळहात काचेवर दाबला.

"चिपळूण."

आकडा सहाशेच्याही वर गेला. पंपावरचा माणूस तिच्याकडे बघतच राहिला.

"टाकी फुल करा," शरयू म्हणाली.