अर्धा फोटो

“आई, नेटवरचा फोटो वरून खाली पट्टीपट्टीने उतरते; मधात लाल बटन दाबजो नको, नाही तर तो अर्धाच राहते,” नवा मोबाईल देताना साहिलने प्रयागबाईला बजावलं होतं. मग तो सुरतेला कामावर गेला आणि तिथल्या पुरात बेपत्ता झाला. ‘पोरगा सापडू दे, अनवाणी रामटेकचा गड चढीन,’ असा नवस ती रामाला बोलली. आज तिकडच्या अनोळखी मृतांचे फोटो नेटवर आले. सुनेने, कामिनीने, एक उघडला आणि डोळे मिटले. “मले पाहवत नाही, आई. तुम्हीच पाहा.” आधी केस उतरले, मग कपाळ, मग भुवईवरचा, लहानपणी पाट्यावर आपटल्याचा व्रण. डोळे उतरायच्या आत प्रयागबाईने लाल बटन दाबलं. “सापडला,” म्हणत तिने सुनेला पोटाशी धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरचे पुरुष त्याला आणायला गेले, तेव्हा तिने चपला उंबऱ्यातच सोडल्या आणि रामटेकची वाट धरली.