मोराचं कार्ड

"हा मोर तुझ्या हातचा का ग?"

मुकुंदाच्या आईनं तबकातलं एक भेटकार्ड उचलून डोळ्यांजवळ धरलं. समोर पाटावर मालती मान खाली घालून बसली होती. तिनं तोंड उघडायच्या आत तिच्या आई रुक्मिणीबाई माजघराच्या दारातून म्हणाल्या, "हो तर! सगळी तिचीच आहेत. लहानपणापासून हातात कलाच आहे हो तिच्या."

मालतीच्या हातात कला अजिबात नव्हती. गणितात ती शाळेत पहिली यायची आणि वडिलांना रोज वर्तमानपत्र खणखणीत आवाजात वाचून दाखवायची. पण सुई धरली की बोटाला टोचायची आणि डिंक घेतला की वेणीला लागायचा. आता मुलगी पाहायला आलेल्या मंडळींपुढे तबकात गणित कसं मांडणार? तिथं रुमाल लागतात, तोरणं लागतात, आणि त्या वर्षी सोलापुरात संक्रांतीच्या भेटकार्डांची नवी टूम निघाली होती. म्हणून तबकातला माल शेजारच्या दाक्षायणीबाईंकडून आला होता.

दाक्षायणीबाईंचे यजमान लाकडी ठशांनी कापडावर नक्षी छापायचे. झिजलेले ठसे घरी आले की बाई ते जाड कागदावर उमटवायच्या. मग मोराच्या पिसाऱ्याला जरीचे तुकडे, डोक्यावर रंगीत सुताचा तुरा आणि कडेनं पांढराशुभ्र हलवा डकवायच्या. बाईंचा हात सोन्याचा आणि जीव त्याहून मऊ. मागणाऱ्याला नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही. रुक्मिणीबाईंनी भीत भीत विषय काढला तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "त्यात काय हाय? पोरीचं चांगलं होतंय तर न्या की! आत्ता हितं न्हाईत, उद्या दुपारी आणून देते." आणि खरंच, मंडळी यायच्या थोडं आधी पदराखाली झाकून त्या कार्डं देऊन गेल्या.

याआधी मालतीला दोन स्थळं पाहून गेली होती. त्यांनी गायला लावलं, चालायला लावलं, आणि त्यांचा नकार आल्यावर तिनं घरच्यांच्या नकळत सुटकेचा निःश्वास सोडला होता. आजचं निराळं होतं. मुकुंद दुधनीला शाळामास्तर होता. त्यानं गायला सांगितलं नाही. सध्या काय वाचता, एवढंच विचारलं, आणि तिचं उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मालतीला तो आवडला. आवडला म्हणूनच आज तिला नकार नको होता.

मुकुंदानं आईच्या हातातून कार्ड घेतलं. "काय सुरेख आहे! आमच्या शाळेतल्या पोरांना हे यायला हवं. तुम्ही शिकवाल ना?"

"शिकवेल की!" रुक्मिणीबाई म्हणाल्या. "बसल्या बसल्या दहा करील ती."

"हा तुरा कसा बसवलास ग?" मुकुंदाच्या आईनं पुन्हा मालतीकडे पाहिलं. "खळीनं की डिंकानं?"

डिंकानं. सकाळपासून आईनं हे उत्तर तिच्याकडून घोकून घेतलं होतं. ते ओठांवर आलंही. पण तेवढ्यात तिची नजर वर गेली. मुकुंद तो मोर उजेडाकडे धरून कौतुकानं पाहत होता. त्याचा विश्वास बसला होता. इतका चांगला माणूस आणि त्याच्याशी पहिल्याच भेटीत खोटं बोलायचं, या विचारानं तिला रडू फुटलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मोर माझा नाही. यातलं एकही कार्ड माझं नाही. शेजारच्या दाक्षायणीकाकूंची आहेत सगळी. मी ठसा मारला की मोराचा कावळा होतो."

सुपारी कातरणारे वेणीमाधवपंत अडकित्ता तसाच उघडा धरून लेकीकडे बघत राहिले. रुक्मिणीबाईंना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तीन दिवस घर सारवून, पडदे धुऊन, शेजाऱ्यांकडून कपबशा आणून जमवलेलं स्थळ पोरीनं एका वाक्यात घालवलं होतं.

मुकुंदाच्या आईनं कार्ड तबकात ठेवलं. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

"आणि हे पोहे?"

"तेही आईनं केलेत," मालती हुंदका देत म्हणाली. "मी फक्त खोबरं किसलं. तेसुद्धा थोडंच."

मुकुंदाला हसू आवरेना. त्यानं रुमाल तोंडाशी धरला, पण खांदे गदगदत राहिले. मालतीला आणखीच रडू आलं. आता हा माणूस उठणार, जोडे घालणार आणि दुधनीला जाऊन मित्रांना ही गंमत सांगणार, अशी तिची खात्री झाली.

त्याची आई मात्र उठली नाही. बशीतले उरलेले पोहे तिनं सावकाश संपवले, हात पुसले आणि दाराकडे वळून म्हणाली, "रुक्मिणीबाई, साखर आणा."

वेणीमाधवपंतांनी चाचरत विचारलं, "म्हणजे... मुलगी पसंत?"

"नाही तर काय! आठवडा झाला, तुमच्या या भवानी पेठेत मुली पाहत फिरतेय मी. हाच मोर स्वतःच्या हातानं केलेल्या दोघी भेटल्या, न केलेली ही पहिलीच."